मागची चाकं मी फिरवली

वाळूवर चालणाऱ्या गाडीची मागची चाकं उलटी मी बसवली होती. अण्णांनी नव्हे. मी.

एवढं सांगायला मला तीन वर्षं लागली. आता वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, साखर बंद केलीय. म्हटलं, खोटंही बंद करून बघावं.

आधी माझ्या कीर्तीविषयी. रहिमतपुरात मला सगळे 'फौजी नाना' म्हणतात. मी सैन्यात होतो आणि त्यातली सात वर्षं राजस्थानात होतो, हे अगदी खरं. पुढचं जरा कमी खरं. वाळूच्या टेकड्यांवरून मी जीप कशी उडवायचो, हे मी केस कापायच्या दुकानात बसून इतकी वर्षं सांगितलं की ऐकणाऱ्यांना त्या जीपचे पोचेसुद्धा पाठ झाले होते. वस्तुस्थिती अशी की मी गोदामात होतो. ब्लँकेटं आणि पायमोजे वाटायचो. तिथल्या वाळूशी माझा रोजचा संबंध आला तो डाळीतून. (दातांना ती अजून आठवते. दात गेले, तरी आठवते!)

माझा पुतण्या विक्रम यानं साताऱ्यात कंपनीतली कायमची नोकरी सोडली आणि औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड टाकून चार चाकांच्या उघड्या गाड्या बनवायला घेतल्या. दिसायला मोटरसायकलसारखी, बसायला घोड्यासारखी आणि आवाजाला उसाच्या चरकासारखी गाडी! त्याच्या बायकोनं, पल्लवीनं, त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. "तोवर एक मोठी ऑर्डर आणा, नाहीतर गुमान कंपनीत परत जायचं."

अशात जैसलमेरकडच्या एका शेठजींनी विक्रमच्या गाडीचा व्हिडिओ पाहिला. त्यांचा वाळवंटात तंबूंचा कॅम्प होता आणि पाहुण्यांना टेकड्यांवर फिरवायला सहा गाड्या हव्या होत्या. अट एकच: "रेत पर चढ़ाकर दिखाओ."

आता आमच्याकडे वाळूची टेकडी कुठली? पण पलूसजवळ कृष्णेच्या वळणावर पुरानं वाळूचा एक ढीग टाकून ठेवला होता, दोन पुरुष उंच. राजस्थानच्या माणसाला तो वारूळ वाटला असता, आम्हाला हिमालय. आणि पलूसमध्येच अण्णा होते.

अण्णा माझे जुने मित्र. त्यांचं चाळीस वर्षांचं टायरचं दुकान. जैन माणूस, तोंडातून वावगा शब्द नाही आणि दुकानातून वावगा टायर नाही. त्यांनी चार ठिकाणी चौकशी करून वाळूसाठीचे खास टायर मागवले आणि स्वतःच्या हातानं गाडीला बसवले. चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही ते बघायला गेलो.

"विक्रम, नीट ऐक," अण्णा म्हणाले. "वाळूत पुढच्या चाकाचं काम फकस्त दिशा दाखवायचं. म्हणून पुढचा टायर गुळगुळीत, मधी एकच उभी धार. ती वाळूत रुतती आन् गाडी वळती. ढकलायचं काम मागच्या चाकांचं. म्हणून मागं ही फावडी."

मागच्या टायरवर खरोखरच रबराची जाडजूड फावडी होती, ओळीनं, एकामागं एक.

इथे गप्प बसता आलं असतं. पण विक्रम माझ्याकडे वळला. "नाना, तुमी तर वाळूतच जीप चालवलीय. बरोबर हाय न्हवं?"

'बरोबर हाय' म्हणालो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण नुसतं बरोबर म्हणायला तज्ज्ञ कशाला लागतो? तज्ज्ञानं खोट काढायलाच हवी!

"पुढचे टायर पार गोटा झाल्यात," मी म्हणालो.

"नाना, ते नवेच तसे असत्यात," अण्णा म्हणाले.

"आन् हवा? बोट दाबलं तर आत जातंय!"

"कमीच ठेवायची. उंटाचा पाय कसा पसरतो, तसा टायर वाळूवर पसरला पायजे. उंट बघितलाय न्हवं तुमी?"

"बघितलाय का म्हंजे? सात वर्षं उंटातच होतो मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रम आणि पल्लवी शेठजींना आणायला साताऱ्याला गेले होते. अण्णा मंदिरात अभिषेकाला. नदीकाठी गाडी, मी, माझी बायको शालन आणि शेठजींसाठी केलेल्या शिऱ्याचं पातेलं, एवढेच होतो. मी नेमका मागच्या चाकांसमोर बसलो होतो. बघता बघता माझ्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. आनंदाचा!

आमच्या भागात झोपेतून उठवून विचारलं तरी कोणीही सांगेल: ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बाणासारखी नक्षी असते आणि त्या बाणाचं टोक आधी जमिनीत जातं. त्यामुळे चिखल दोन्ही बाजूंना फेकला जातो. इथे फावड्यांची नक्षीही बाणासारखीच, पण सगळं उलटं! बाणाचं उघडं तोंड आधी वाळूत जात होतं. म्हणजे चाळीस वर्षं दुकान चालवून अण्णा चुकले होते, आणि ती चूक मी पकडली होती!

(चिखल बाहेर फेकायचा असतो आणि वाळू आत गोळा करायची असते, म्हणून ही फावडी मुद्दाम उलटी बसवतात, हे मला नंतर कळलं. सगळ्या पलूसला कळल्यानंतर.)

"शालन, पाना आण."

"आवं, अण्णांनी बसवल्यात न्हवं? ते आल्यावर इचारा की."

"इचारायचं काय त्यात? आमच्या जीपला..."

"जीप मला सांगू नका! तुमी मोज्याच्या गोदामात हुता. माझ्यासाठी तीन जोड आणलं हुतं."

बायको फार जुनी झाली की तिला फार आठवतं. मी जॅक लावला. डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. कमरेतून दोनदा आवाज आला, पण विद्येपुढे कंबर काय! मग पायपंपानं चारी चाकांत हवा भरली, ती टायर डफासारखे वाजेपर्यंत. पुढचे गुळगुळीत टायर काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे बसवायचाही माझा विचार होता. पण शालननं पाना घेतला आणि ती त्याच्यावर बसली.

अकरा वाजता शेठजी आले. पांढराशुभ्र पोशाख, झुपकेदार मिशा. त्यांना ढिगाच्या डाव्या अंगाला खुर्ची दिली. उजव्या अंगाला पल्लवी, शालन आणि शिरा. विक्रम गाडीवर बसला.

"नाना, सगळं बघितलंय न्हवं?"

"मी हाय न्हवं!" मी म्हणालो.

गाडी सुसाट निघाली, ढिगाच्या कमरेपर्यंत चढली आणि थांबली. मागची चाकं मात्र थांबली नाहीत. आणि मी बसवल्याप्रमाणे, अगदी तंतोतंत, त्यांनी वाळू दोन्ही बाजूंना फेकायला सुरुवात केली! डावीकडची शेठजींच्या मिशीत. उजवीकडची शिऱ्यात. मला वाटलं, अजून थोडा जोर हवा.

"सोडू नकोस! दे जोर!" मी ओरडलो.

विक्रमनं दिला. गाडी वर जायची ती खाली गेली. आधी चाकं गेली, मग पाय ठेवायचे दांडे गेले, शेवटी वाळूवर नुसतं हँडल आणि विक्रम उरला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस वाळूच्या ढिगालाच हँडल लावून बसलाय!

शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणून गाडी उपसावी लागली. (ट्रॅक्टरच्या टायरचे बाण मी सगळ्यांना दाखवणार होतो, पण कोणी त्या मनःस्थितीत दिसलं नाही.) शेठजींनी मिशी झटकली. "भाईसाब, इतनी देर में तो हमारा ऊँट घर पहुँच जाता है." मग चाकांकडे बोट केलं. "ये टायर किसके हैं?"

विक्रमचा चेहरा असा झाला होता की त्याच्याकडे बघवेना. आणि मी, सैन्यात सतरा वर्षं नोकरी केलेला मी, म्हणालो, "टायर अण्णांचे."

वाक्य खरं होतं. म्हणून तर ते मला इतक्या सहज जमलं.

तेवढ्यात अण्णा आले. कपाळावर गंध, हातात तीर्थाचा तांब्या. त्यांनी चाकांकडे बघितलं, वाकून फावड्यांवरून हात फिरवला.

"चाकं फिरवल्यात कुणीतरी."

"कोण फिरवणार, अण्णा?" विक्रम पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. "नाना सकाळपास्नं हितं बसल्यात! फौजी माणूस राखणीला असताना कोण हात लावंल?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी नदीकडे बघत राहिलो. कृष्णा इतकी रुंद आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शेठजी गेले, ऑर्डर गेली, दिवाळीनंतर विक्रम पुन्हा कंपनीत गेला. अण्णांचं नाव पलूसमध्ये 'उलटे अण्णा' पडलं. सायकलचा टायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, "सरळ बसवला न्हवं?" अण्णा हसून "व्हय" म्हणायचे. ते हसायचे, आणि माझी झोप जायची.

यंदा विक्रमचं पुन्हा बरं चाललं. त्यानं नोकरी सांभाळून द्राक्षबागेत औषध फवारायची छोटी गाडी बनवली, ती चालली, शेड मोठी झाली. शेडच्या पूजेला सगळे जमले, अण्णाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. गोदाम, मोजे, पाना, हवा, सगळं! डोळ्यांत पाणी होतं.

मग टाळ्या!

"बघा," विक्रम गहिवरून म्हणाला, "मित्राची चूक या वयात सोत्तावर घ्यायची! ह्याला म्हणत्यात फौजी!"

"आरं खरंच मी फिरवली! शालन, सांग की!"

"खरं हाय," शालन म्हणाली. "मीच पाना दिला."

"काकी कवा नानांच्या शब्दाबाहेर हुत्या?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा टाळ्या. पल्लवी माझ्या पाया पडली. एकानं अण्णांना सुनावलं, "शिका जरा नानांकडनं!"

अण्णांनी मला दंडाला धरून शेडमागं नेलं. "नाना, हात जोडतो. पुन्ना खरं बोलू नका. तीन वर्षांत मी नुसता उलटा हुतो. आता उलटा आन् वर कृतघ्न झालो!"

"मग करू काय, अण्णा?"

"लिवून काडा. छापा."

म्हणून हे लिहिलं. कागद आधी अण्णांना वाचायला दिले. त्यांनी दुकानात बसून, चष्मा पुसून, शेवटपर्यंत वाचले.

"झ्याक. सगळं बरोबर हाय. फकस्त खाली तुमचं नाव घालू नका."

"का?"

"तुमचं नाव दिसलं की लोक म्हणत्यात, काय मोठं मन! बिननावाचं छापा. मग तरी म्हणतील, कोण रं ह्यो गाढव!"