गव्हाणीतला दिवाण

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरातल्या एका ज्येष्ठ व प्रतिष्ठित रहिवाशाला, त्याची लेखी वा तोंडी संमती न घेता, राहत्या जागेतून शेतातल्या छपरात हलवण्यात आले. रहिवासी म्हणजे आमची तांबडी गाय. जागा म्हणजे घरामागचा गोठा. आणि हे कारस्थान रचणारी बाई म्हणजे माझी सख्खी आई.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळंच बदलायला निघालं होतं. गावात पहिली डिश आली आणि माणसं दुसऱ्याच्या गच्चीकडे बघत चालायला लागली. मांजरसुंब्याच्या चौकात रंगीत दिव्यांचा नवा ढाबा झाला. माझंही नुकतंच लग्न झालं होतं. पुढे आमचं किराणा दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एकच खोली. त्या खोलीत आई, आबा, तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा आणि आम्ही नवराबायको. आमचा सगळा संसार आईच्या जुन्या लुगड्याच्या पडद्याआड. मी उसासा टाकला तरी पलीकडून आबा विचारायचे, "कावून रे, पोट दुखतंय का?"

बायको बीडला शाळेत शिकवायची. रोज एसटीनं जायची, रोज एसटीनं यायची. एक दिवस पडद्याआड ती हळू आवाजात मला म्हणाली, "बीडला एक खोली बघितलीय. हवेशीर आहे. दिवाळीपर्यंत सांगते म्हटलंय." पडदा कापडाचा होता आणि आईचे कान तिखट होते. सकाळी चहाच्या वेळी आईनं कपबशी खाली ठेवली, गोठ्याकडे एकदा बघितलं आणि आबांना म्हणाली, "गाय रानात न्या. गोठ्यात खोली काढायची."

"कुणासाठी?"

"लेकासाठी."

"लेक काय दावणीला बांधायचाय का?"

"तसंच समजा," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग आबांनी चहा संपवला आणि दावं सोडायला उठले.

गोठा रिकामा झाला त्या दुपारी मी उरलेल्या कडब्यावर आडवा पडलो होतो. तसला महाल मी पुन्हा कधी पाहिला नाही. पत्र्याला भोकं पडलेली. त्यांतून उन्हाचे कवडसे खाली उतरलेले आणि त्यांत धुळीचे कण असे सावकाश फिरत होते, जणू त्यांना कुठेच जायचं नव्हतं. भिंतींतून वाळलेल्या शेणाचा, पेंडीचा, दुधाचा मिळून एक ऊबदार वास येत होता. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा बांधावर मी बसलो आणि गोठा आपोआप बदलायला लागला. खुंट्याच्या जागी टीपॉय उगवलं. वाशांना लोंबणाऱ्या जळमटांच्या झालरी झाल्या. कोपऱ्यात रंगीत टीव्ही निळा-निळा उजळला, आणि माझी बायको, हातात वह्यांचा गठ्ठा, त्या कवडशातून चालत आली. मी बराच वेळ तसाच पडून तिला तिथं वावरू दिलं.

गवंडी आला तो थेट ढाब्याचं काम आटपून. त्याच्या डोक्यात अजून ढाबाच होता.

"दाराला कमान करू का? ढाब्याला केलीय, लई शोभतीय."

"कावून बे?" आबा म्हणाले. "हितं काय ट्रक थांबणार हायेत?"

कमान झालीच. शहाबादी फरशी झाली, पिस्ता रंगाचं डिस्टेंपर झालं, प्लास्टिकच्या द्राक्षांचा वेल झाला. छताला नवे पत्रे टाकताना मी हट्टानं एका ठिकाणी काचेचा तुकडा बसवून घेतला. उन्हाचा एक गोल दिवसभर फरशीवरून सरकत राहायचा. मी काम सोडून त्याच्या मागे मागे बसायचो. दुकानात गिऱ्हाईक खोळंबायचं.

अडचण एकच होती, गव्हाण. भिंतीला लागून दगडी गव्हाण होती, ऐसपैस, कमरेएवढी. गवंड्यानं पहार उचलली आणि आई आडवी आली. "गव्हाण फोडत न्हाईत. लक्ष्मी जेवती तिथं." मग माझ्या सुपीक डोक्यातून ती योजना निघाली, जिचा मला तेव्हा लई अभिमान वाटला होता. गव्हाणीवर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर गादी, गादीवर चादर. झाला दिवाण! बायकोनं रुखवतातली चादर काढून दिली. कॉलेजात असताना तिनं स्वतः भरलेली, पोपटी रंगाची, कडेनं पानंच पानं. दुपारच्या उजेडात तो दिवाण पाऊस झालेल्या बांधासारखा दिसायचा.

बायको रोज संध्याकाळी एसटीतून उतरून काम बघायला यायची. फरशीवरून बोट फिरवायची, खिडकी उघडून बंद करायची. छान म्हणायची नाही, वाईटही म्हणायची नाही. आई स्वयंपाकघराच्या दारातून तिचं तोंड वाचत उभी असायची आणि रात्री भाकरी थापताना मला विचारायची, "काय म्हणली?"

"काही नाही."

"काहीच न्हाई म्हणजे काय म्हणली?"

दिवाळीच्या तोंडावर वास्तुशांत धरली. आमच्याकडे नव्या वास्तूत आधी गाय जाते, मग माणूस. गावात दुसऱ्या गाई होत्या. पण घरची लक्ष्मी असताना दुसऱ्याची का आणायची, असं आईनं ठरवलं, आणि आम्हा एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

तांबडी आली. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळावर हळदकुंकू. पूजेला बोलावलेल्या जंगमस्वामींनी मंत्र सुरू केले. कमानीखाली ती क्षणभर थांबली, नाक फेंदारून वास घेतला आणि डुलत आत गेली. द्राक्षांच्या वेलाकडे तिनं बघितलंही नाही. सरळ आपल्या जागेवर गेली, गव्हाणीत तोंड घातलं, आणि तिला तिथं हिरवंगार सापडलं. चादरीचं टोक तोंडात घेऊन ती खाली बसली. वरच्या काचेतून पडलेला उन्हाचा गोल नेमका तिच्या पाठीवर आला होता. ती डोळे अर्धे मिटून सावकाश रवंथ करत होती. इतकं सुखी कुणी त्या खोलीत पुन्हा दिसलं नाही.

"उठवा तिला," आबा म्हणाले.

"आजच्या दिवशी काठी लावायची न्हाई," स्वामी म्हणाले. "तिच्या मनानं उठंल."

तिच्या मनात तसलं काही नव्हतं. बाहेर पाहुणे हसायला लागले. बायको कमानीत कळस घेऊन उभी, कारण गाय बाहेर आल्याशिवाय तिनं आत जायचं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. आई आत धावली. गाईच्या गळ्यात हात टाकून तिला ओढू लागली, कुरवाळू लागली आणि शेवटी सगळ्यांदेखत रडायलाच लागली. "ऊठ गं माय माझे! तुझ्या पाया पडते. तू बसलीस तर ही पोरगी बीडला जाईल माझ्या लेकाला घेऊन!"

स्वामींचे मंत्रसुद्धा थांबले. मी माझ्या नव्या चपलांकडे बघत राहिलो.

बायकोनं कळस माझ्या हातात दिला, पदर खोचला, शास्त्राला बाजूला सारून उंबरा ओलांडला, चादरीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मी कुठं जात नाही बीडला, आत्याबाई! आधी हिला कडबा टाका, माझी चादर खातीय ही!"