कच्ची कबर

शांतवन गेला, तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. त्याच्या बायकोचा, विजयावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. मी "हाव" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले कपडे नीट झटकून दोरीवर टाकले. आता सहा आठवडे झालेत... थकवा काही जात नाही, सकाळी डोळे उघडल्यापासून अंगावर बसलेला असतो. भेटायला येणारे म्हणतात, तुमचा मित्र आठवणींत जिवंत आहे. असेल बाप्पा! मला तो समोर बसलेला हवा होता.

शांतवन शाळेत विज्ञान शिकवायचा, मी हिंगण्याला कारखान्यात पाळ्या करायचो. आमची गाठ पडायची रविवारी, चर्चमध्ये. उपासना सुटली की लोक एकमेकांना सलाम करत चहाकडे वळायचे, आणि हा झाडू घेऊन आवारातल्या कडुनिंबाखाली. पडलेला पाला मागच्या खड्ड्यात खताला टाकायचा. कुणी पाला पेटवायला निघालं, की धावून जायचा. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले, "सर, देवाचं काम आत चालतं." तर हा म्हणतो, "देवानं माणसाले पहिली नोकरी माळ्याची देली होती, साहेब. आपणच राजीनामा देऊन बसलो." मला तेव्हा राग यायचा त्याचा. भक्ती म्हणजे डोळे मिटून गुडघे टेकणं, एवढंच मला ठाऊक. याचे गुडघेही मळलेले असायचे, पण वाफ्यात बसून.

मग गट्टूंचं प्रकरण झालं. पावसाळ्यात आवारात चिखल व्हायचा, लग्नांच्या गाड्या फसायच्या, म्हणून कमिटीनं सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरवलं. सचिव मी. शांतवन एकटा उभा राहिला. "बसवा, पण झाडाच्या बुडाशी दोन हात माती मोकळी ठेवा. त्यालेही पाणी लागते." सगळे हो म्हणाले. काम चालू असताना जाऊन बघणं माझ्याकडे होतं, आणि मी गेलो नाही. आळस, दुसरं काय! मजुरांनी खोडापर्यंत सिमेंट भरलं, आणि काम नीट झालं म्हणून मी कागदावर सही करून मोकळा झालो. दोन उन्हाळ्यांत कडुनिंब वाळला. तो तोडला त्या दिवशी शांतवन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आता हा मला सोडत नाही, असं वाटलं. "तू काहून तोंड लपवून राहिला गा? सावली तुही बी गेली ना," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

शेवटी शेवटी तो प्रताप नगरच्या घरी खाटेवरच असायचा. एका दुपारी माझं मनगट धरून म्हणाला, "माह्यावर सिमेंट पडू देऊ नको. पक्की कबर नको मले. ज्या मातीची राखण करायले देवानं सांगितलं, तिच्यात मिळू दे... वर गवत येऊ दे." मी हो म्हटलं. माझ्या 'हो'ची किंमत त्याला पुरती माहीत होती. तरी त्यानं मलाच सांगितलं.

गेल्या शनिवारी त्याचा मुलगा सुहास पुण्याहून आला, तो काळ्या ग्रॅनाइटच्या कबरीचा नकाशा घेऊनच. कबरस्तानात पक्कं बांधकाम करायचं तर सचिवाची सही लागते. "पप्पांच्या आजारपणात मी इथे नव्हतो, काका. एवढं तरी करू द्या," म्हणाला आणि माझ्या दिवाणखान्यात हमसून हमसून रडला. त्यानं पेन पुढे केलं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी उपासनेत प्रार्थनेला डोळे मिटले, तर ते खोडाला चिकटलेलं सिमेंट दिसायला लागलं. बसवेना. उठलो आणि तसाच प्रताप नगरला गेलो. वहिनी आत पडल्या होत्या, सुहास ओट्याशी तांदूळ धूत होता. "ती सही मी परत घ्यायला आलो," म्हटलं, आणि त्याच्या बापाला दिलेला शब्द सांगितला. तो भडकलाच.

"मग काल का नाही बोललात? आणि मी काय, बापाला उघड्या मातीत टाकून पुण्याला निघून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"काल तुझ्या रडण्याला भ्यालो," मी म्हटलं.

त्यानं तांदळाचं पाणी पातेल्यात काढलं, ते घेऊन मागच्या दारी गेला आणि शांतवननं लावलेल्या पपईच्या बुंध्याशी सावकाश ओतलं. मग रिकामं पातेलं हातात धरून तिथेच उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो, काका. घरात एक कुंडी नाही. तरी हे पाणी सिंकमध्ये ओतताना रोज हात अडतो..."

आत येऊन त्यानं पातेलं पालथं घातलं. "गवंड्याला येऊ नको म्हणून सांगतो. तुम्ही बसा, काका. जेवून जा."