वाघाळच्या बायकांची मतं

वाघाळ बाजारातले लोक कोकिळेला तोंडावर मास्तरीण म्हणत आणि पाठ वळली की सभावाली. मास्तरीण ती कधीच नव्हती. पिंपळगाव राजाकडच्या एका सत्यशोधकी विचाराच्या शेतकऱ्याची ती लेक. बापानं पोरीला लिहायला-वाचायला शिकवलं आणि कोणापुढेही खाली मान घालून बोलायचं नाही, एवढं बजावून मेहकर तालुक्यातल्या या कसब्यात दिलं. नवरा इंद्रभान तेला-मिठाचं दुकान चालवायचा. स्वभावानं गरीब, बोलणं कमी. दुकानात पुडे बांधायला आलेलं जुनं वर्तमानपत्र बायको आधी वाचून काढते, याचं त्याला मनातून कौतुक होतं. पण गिऱ्हाइकासमोर तो ते कधी दाखवत नसे.

कोकिळा दुपारच्या वेळी आळीतल्या बायकांना ते पत्र वाचून दाखवी. महारवाड्यातल्या पोरींनाही शाळेत इतरांच्याच सतरंजीवर बसू द्या, म्हणून ती एकदा शाळेच्या दारात उभी राहिली होती. तेव्हापासून हळदी-कुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जाऊ लागलं. तिनं ते सोसलं. सोसलं म्हणजे, संक्रांतीच्या दिवशी ती मुद्दाम शेतात निघून जायची, एवढंच.

मग सदतीस सालची निवडणूक आली. ज्याच्या नावावर शेतसारा, त्याच्या बायकोलाही या खेपेला मत होतं. वाघाळात तशा पुष्कळ बायका निघाल्या. पुरुषांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. कचेरीच्या कामाला घरची बाई कोण धाडणार? कोकिळेनं मात्र पदर खोचला. ज्या घरांत तिला उंबरा बंद होता, तिथं तिचा निरोप जमीला मनियारीण न्यायची. बांगड्या भरणारीला कोणतं दार बंद असतं? हात दाबून बांगडी चढवता चढवता जमीला हळूच सांगे, की कोकिळाबाई म्हणतात, मत तुमचं आहे, कोणालाही द्या, पण द्या.

ही कुणकुण भगवानराव पाटलांच्या कानावर गेली. भगवानराव म्हणजे गावातला शेवटचा शब्द. माणूस वाईट नव्हता. पण घरातली बाई ओसरीपर्यंत आली तरी त्यांना खाकरावंसं वाटे. त्यात त्यांचा धाकटा मुलगा उत्तमराव आणि कोकिळेची रुखमा यांची सोयरीक नुकत्याच झालेल्या दिवाळीत ठरली होती. मुलगी सगळ्यांच्या मनात भरली होती, म्हणून पाटलांनी आईकडे काणाडोळा केला होता. आता त्यांचा माणूस दुकानात आला आणि इंद्रभानला सांगून गेला: मतदानाच्या दिवशी तुमची बाई शाळेजवळ दिसली, तर लग्न मोडलं समजा.

इंद्रभान घरी आला तो पाणीही न पिता बसून राहिला. त्यानं निरोप सांगितला, आणि पुढं एवढंच म्हणाला, की तू ठरवशील ते.

कोकिळेला त्या दिवशी अन्न गेलं नाही. आपल्या हट्टापायी पोरीचं नशीब फुटलं तर? आपण कोणासाठी भांडतोय? संध्याकाळी रुखमा अंगणात सरकी निवडत होती. कोकिळा तिच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

रुखमेनं हातातलं काम थांबवलं नाही. निवडता निवडताच म्हणाली, "तू आज माह्यासाठी गप्प बसली, त मले त्या घरात जनमभर गप्प बसा लागन. मले नाही जमाचं ते."

"आन् त्यायनं खरंच मोडलं त?"

"मोडलं त मोडलं. पोरगा चांगला हाय, थोडं रडू येईन," रुखमा म्हणाली आणि सरकी निवडत राहिली.

मतदानाच्या दिवशी कोकिळा सकाळीच शाळेत गेली. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईलाही मत होतं, त्यात तिचं नाव होतं. टेबलामागं अमरावतीकडून आलेला एक तरुण कारकून बसला होता. त्यानं नाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. कोकिळेनं इंद्रभानचं नाव सरळ सांगून टाकलं. वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर भगवानराव बसले होते, त्यांनी मान फिरवली. भोवतालचे चार जण चपापले.

मत देऊन ती बाहेर आली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. नवऱ्याचं नाव! बापाच्या वळणामुळे तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण वाघाळातली दुसरी कोणती बाई परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव घेणार होती? जमीलाकरवी दारोदार सगळं समजावलं, पेटी कुठं, चिठ्ठी कशी टाकायची, आणि हेच कसं सुचलं नाही? आता एखादी आलीच, तर नाव न सांगता आल्यानं परत जाईल, लोक हसतील, आणि पुन्हा कधी कोणी येणार नाही.

कोणी आलंही नाही. ऊन चढलं. पुरुषांची रांग सरत गेली. जमीला दोनदा येऊन मान हलवून गेली.

दुपार कलायला लागली तशी पाटलांची पडदा लावलेली बैलांची धमणी शाळेसमोर येऊन थांबली. लोकांना वाटलं, पाहुणे असतील. पडदा सरला आणि पाटलांच्या पत्नी, विमलबाई, खाली उतरल्या. मागोमाग थोरली सून. डोक्यावरचा पदर सावरत विमलबाई पायऱ्या चढल्या आणि खुर्चीवरच्या नवऱ्याकडे न बघता टेबलापुढे उभ्या राहिल्या. भगवानराव उठू लागले, पण सगळं गाव बघत होतं. ते पुन्हा बसले.

कोकिळा दारापाशी धावली. शिपायानं तिला तिथंच थांबवलं. तिथून आतलं सगळं दिसत होतं.

कारकुनानं नाव विचारलं. विमलबाईंनी सांगितलं. मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. विमलबाई गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. कोणीतरी म्हणालं, अहो, ते काय समोर बसले आहेत. कारकून अदबीनं म्हणाला की बाईंनी स्वतः सांगायला हवं, तसा नियम आहे. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. कोकिळेनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात विमलबाईंनी घसा साफ केला आणि लग्नघरात घ्यावा तसा ठसक्यात उखाणा घेतला:

"शाळेच्या अंगणात कडुनिंबाची सावली, भगवानरावांचं नाव घेऊन मत द्याले मी धावली."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कारकूनच हसला, आणि त्यानं मान खाली घालून यादीत खूण केली. वऱ्हांड्यात वाहवा झाली. एक म्हातारा पाटलांना म्हणाला, की भगवानराव, असं नाव आमच्या घरचीनं कधी घेतलं नाही. त्यावर काय करावं, ते भगवानरावांना कळेना. रागवावं, तर सगळे त्यांचंच कौतुक करत होते. शेवटी त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो हात काढला तेव्हा खाली हसू होतं.

पुढचं काम जमीलानं केलं. ती आळीआळीतून पळत सुटली. "उखाना चलता है म्हने! पाटलीनबाईनं घेतला. चला ना बाई!" ज्यांना कचेरीची भीती होती त्यांना उखाण्याची कसली? पेटी बंद होईपर्यंत बायका येत राहिल्या. कोणी जुने उखाणे घेतले, कोणी जागच्या जागी जुळवले. तानुबाई नावाच्या एका म्हातारीनं तर इतका लांब घेतला की कारकुनानं हात जोडले.

विमलबाई धमणीत बसण्याआधी कडुनिंबाखाली आल्या. कोकिळा पुढं झाली, पण आधी त्याच म्हणाल्या, "सोयरीक मोडन म्हनून निरोप आल्ता न तुमाले? तो मले इचारून नव्हता धाडला. पोरगी म्या पसंत केली हाय. हळद दळाले कवा बसाचं, ते सांगजा."

"आन् पाटील?"

"त्यायचं मी पाहून घेईन," विमलबाई म्हणाल्या. "मतं द्या म्हनून जमीला दोन महिन्यांपासून माह्या कानाशी लागली हाय. तुमी सोता काऊन नाही आल्या?"

आपल्याला तुमच्या घरी बोलावणं नसतं, हे कोकिळेच्या ओठांवर आलं होतं. पण विमलबाईंच्या चेहऱ्यावर खरंच नवल होतं. घरात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे त्यांनाही कोणी विचारलेलं नसावं. कोकिळा एवढंच म्हणाली, की आता येत जाईन.

ती घरी आली तेव्हा इंद्रभान दुकान बंद करून दारातच उभा होता. बातमी तिच्या आधी पोचली होती. त्यानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. रुखमा चुलीपाशी होती. आईच्या तोंडून सगळं ऐकताना तिनं भाकरी करपू दिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते धुराचं नव्हतं. दिवसभराच्या उपाशी कोकिळेला एकदम भूक लागली. तीच करपलेली भाकरी तिनं ठेच्याशी खाल्ली, वर आणखी एक मागितली.

निवडणुकीत कोकिळेनं मत दिलेला उमेदवार पडला. पाटलांचा निवडून आला. विमलबाईंनी मत कोणाला दिलं, ते कोकिळेनं कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात रुखमेचं लग्न झालं. पुढं कोकिळा शाळेच्या कमिटीवर गेली, तिथं भगवानरावांशी तिचे कडाक्याचे वाद होत, आणि वाद संपला की ते विहीणबाईंसाठी चहा मागवत. सतरंजीचा प्रश्नही तिथंच एकदाचा निकालात निघाला. त्या दिवशी ती शाळेच्या खिडकीतून कितीतरी वेळ आत बघत उभी होती. सगळ्या पोरी एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून पाढे म्हणत होत्या, आणि कोणालाही तिच्याकडे बघायला सवड नव्हती.