जोडीला भाऊसाहेब

आमच्या लातूरच्या कराटे क्लासमधले आम्ही तिघे-चौघे अजून भेटतो. चहा येईपर्यंत एक किस्सा निघतो, त्याला चिकटून दुसरा, आणि दर किश्श्यात मार मीच खाल्लेला असतो. बाकीचे हसतात. मला अजून राग येतो, आणि तो का येतो ते एकदा नीट ऐकाच.

जिल्हा नवा नवा झाला होता. नवी ऑफिसं उघडली, त्यांत कुठून कुठून कारकून बदलून आले. त्यातलेच एक भाऊसाहेब, कंधारचे, चाळिशी ओलांडलेले, राहायला आमच्याच गल्लीत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला तर हे सरळ कराटेत. मी ब्राऊन बेल्ट, ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत एकदा आपटलेला. मुलींच्या एका शाळेत कराटे शिकवायची नोकरी निघाली होती आणि मोठ्या बाईंनी साफ सांगितलं होतं, "ब्लॅक बेल्ट घेऊन या, मग बोलू." म्हणजे मला सरावाला तगडा जोडीदार पाहिजे होता. सरांनी दिला कोण? भाऊसाहेब. म्हणे, जास्ती शिकलेल्यानं नवख्याला सांभाळायचं असतं. आणि मला कोण सांभाळणार होतं?

*

सराव सुरू करताना दोघांनी एकमेकांपुढं वाकायचं असतं. पहिल्या दिवशी मी वाकलो. भाऊसाहेब ताठ. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा."

"भाऊसाहेब, तुमीबी वाकायचं."

"मी? तुला? आरं, माझा पोरगा दहावीला हाय."

सर मलाच म्हणाले, "वडीलधारी माणसं हायत, समजून घे."

*

मारणाऱ्यानं कुठं मारणार ते आधी ओरडून सांगायचं, हा नियम. म्हणजे समोरच्याला अडवता येतं. भाऊसाहेब ओरडले, "तोंड!" मी हात वर नेले. ठोसा पोटात. "पोट" म्हणाले की नाकावर. महिनाभर हेच चाललं. शेवटी मी चिडून विचारलं, "तुमी सांगता एक, मारता एक. हे काय लावलंय?"

"जाहीर करायचं येगळं, कारवाई येगळी," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या ऑफिसात त्याला दोन टेबलं हायत."

बरं, मी उलटून मारायची सोय नाही. माझी मूठ त्यांच्या नाकाच्या बोटभर अलीकडं थांबलीच पाहिजे, नाही थांबली तर शिक्षा मला. त्यांची माझ्या नाकावर बसली तरी शिक्षा मलाच, अडवलं का नाही म्हणून. हा कुठला इन्साफ?

*

त्या वर्षी पाऊस नव्हता. गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा. एकदा ऐन सरावात हॉर्न वाजला. भाऊसाहेबांची मूठ अर्ध्यात थांबली. "आलोच," म्हणाले आणि पट्ट्यासकट पळाले.

सर माझ्यापुढं येऊन उभे. "जोडीदार कुठंय?"

"टँकरला."

"पळाला म्हणजे तू सांभाळला न्हाईस. काढ पन्नास दंड."

टँकर माझ्याच गल्लीचा, पाणी माझ्याही घरी नाही, आणि मी धुळीत दंड काढत होतो! भाऊसाहेब दोन घागरी भरून ठेवून परत आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "किती झाले? पंचवीस माझे ठेव, उद्या काढतो." ते उद्या अजून उगवायचंय.

*

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा मी सरांशी भांडलो. परीक्षेला तरी दुसरा जोडीदार द्या म्हणालो. सर म्हणाले, "ह्यांनाच तुझ्याजोगं कर." मग काय, दात-ओठ खाऊन रोज संध्याकाळी तासभर त्यांना ठोसा घोटवला. मनगट सरळ, जोर कमरेतून, नजर जिथं मारायचं तिथं. माझा घसा बसला. फरक काडीचा दिसेना.

*

परीक्षेला परीक्षक बाहेरगावचे. पुढच्या खुर्चीवर पाहुण्या म्हणून शाळेच्या मोठ्या बाई. आता आपटलो तर पट्टाही गेला आणि नोकरीही.

"तोंड!" भाऊसाहेब ओरडले.

आठ महिन्यांच्या सवयीनं माझे दोन्ही हात पोटावर गेले. ठोसा तोंडावर आला. सरळ, कमरेतून, बरोब्बर सांगितलेल्या जागी. मी खालीच बसलो. ओठ फुटलेला.

"अडवलं का नाही?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, हे सांगितलं तिथं कधीच मारत न्हाईत!"

नापास. दुसऱ्यांदा. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मेहनत कुणावर केली मी?

तेवढ्यात मोठ्या बाई उठून आल्या. भाऊसाहेबांना विचारलं, "तुम्ही किती दिवस शिकताय?"

"आठ महिने."

"आणि हा ठोसा कुणी शिकवला?"

भाऊसाहेबांनी खाली बसलेल्या माझ्याकडं बोट केलं.

बाईंनी पर्समधला रुमाल काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "रक्त थांबवा आधी. आणि सोमवारी साडेदहाला शाळेत या."