औषधांच्या कपाटातला जवळा

दवाखान्यातले किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. पनवेलच्या माझ्या दवाखान्यात तर त्यांना वासही यायचा!

करंजा बंदरावरची हिराबाई मासळी विकायची. गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी मुंबईला कोबाल्टचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू झाला, म्हणून ती पनवेलला लेकीकडे राहायला आली. रोज पहाटेची एसटी पकडायची. निम्मा शेक झाला आणि जुलाब लागले.

"डॉक्टरीणबाई, त्यो आजार बरा व्हता, ह्यो शेक नको!"

"शेकानं आतडी सुजतात हो. शेक संपला की हळूहळू ओसरतं. पण मधेच सोडलात तर आजार तुम्हाला सोडणार नाही."

पथ्य सांगितलं. पेज, मऊ भात, केळं. दूध बंद, तिखट बंद!

* * *

तरी जुलाब थांबेनात. कंपाउंडर नाना म्हणाले, "गोळ्या बदलून बघू या." मी हिराबाईची पिशवी बघितली. आत बरणीभर जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची चटणी, लालभडक!

"खायची नाही म्हटलं होतं ना?"

"खाते कुठं? पेजेला लावते फक्त!"

* * *

बरणी जप्त केली आणि औषधांच्या कपाटात ठेवली. नाना वैतागले. "बाई, आता पेशंट औषधाऐवजी भाकरी मागतील!"

हिराबाईचा जन्म मासळीच्या लिलावात गेलेला. "अर्धी द्या." नाही. "चिमूटभर?" नाही. "बरं, वास तरी!"

वासावर सौदा पटला. रोज मुंबईहून परतली की कपाट उघडायची, बरणी हुंगायची आणि पेज प्यायला घरी जायची. पूर्ण शेक घेतलान बाईनं! पुढे पोट ठीक झालं, तेव्हा मी बरणी परत केली.

* * *

मग आमच्या मोहल्ल्यातली झुलेखाबी. तोच आजार, तोच शेक, तेच जुलाब. "या अल्ला, पोटात आग पडलीय! मी उद्यापासून जाणार नाही."

मी समजावलं, रागावले, हात जोडले. ती हलेना. ही बाई हातची जाणार, या विचारानं मला रडू यायला लागलं.

मला मासळी द्यायला आलेली हिराबाई बाकावर बसून ऐकत होती. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी काढली, पिशवीतली तीच बरणी उघडली आणि झुलेखाबीसमोर चटणीचा घास घेतला. मग दुसरा. तिखटानं नानांनाच ठसका लागला.

"मना पन असंच व्हत व्हतं," ती म्हणाली. "शेक संपंपर्यंत ही बरणी बाईंच्या कपाटात व्हती. आता बघ!"

झुलेखाबी उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीच्या आधी माझं दार वाजलं. दारात झुलेखाबी, बुरख्याआडून कैरीच्या लोणच्याची बरणी पुढे करत.

"डॉक्टरीणबाई, ही ठेवा तुमच्या कपाटात."