मधल्या खुर्चीपर्यंतची चार पावलं

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत सरांचा इंग्रजीचा क्लास भरायचा. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने मुकाट थांबायचं. खोलीत अकरा खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या कुठल्याही दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या. शाळेत मास्तर होते तोवर सरांचं नाव चार गल्ल्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र ते गावभर झालं, आणि झालं ते या खुर्च्यांमुळेच. लोक त्यांना खुर्चीवाले सर म्हणत.

फळ्यासमोर तीन खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. डावीकडच्या खुर्चीत बसेल तो 'हॅव', उजवीकडचा 'सीन' किंवा 'ईटन' किंवा 'फिनिश्ड'. मधली रिकामी. उजव्या भिंतीला टेकून बाकीची मंडळी उभी, गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या: ऑलरेडी, जस्ट, नेव्हर, ऑल्वेज. सरांनी म्हणायचं, "मी तो सिनेमा कधीच पाहिलेला नाही." की डावीकडच्याने 'आय हॅव' म्हणून थांबायचं, नेव्हरने भिंतीपासून निघून मधल्या खुर्चीत येऊन बसायचं, आपला शब्द म्हणायचा आणि मग उजवीकडच्याने. आय हॅव नेव्हर सीन.

'येट'ला मात्र खुर्ची नव्हती. त्याने दाराशी उभं राहायचं आणि वाक्य संपत आलं की बोलायचं. हे काम नेहमी एका धिप्पाड वेल्डरकडे असे.

"सर, मला या जन्मी बसायला मिळणार का?"

"अजून नाही," सर म्हणत, आणि वर्ग खो खो हसे.

"आपल्या भाषेत असा शब्द घरच्या माणसासारखा," ते समजावून सांगत. "मी आधीच जेवलोय. जेवलोय मी आधीच. आधीच जेवलोय मी. कुठेही टेकला तरी कुणी त्याला ऊठ म्हणत नाही. तिकडे तो पाहुणा. दाखवली त्याच जागी बसायचं."

हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नसे. लेखी परीक्षेत सरांच्या विद्यार्थ्यांचा तो प्रश्न कधी चुकला नाही.

सरांची भाची त्याच वर्गात यायची. मोठ्या दवाखान्यात नऊ वर्षं नर्स होती, पण दरवर्षी नव्याने सही करून घेतलेली हंगामी. आता तिचा वॉर्डच बंद व्हायचा होता. अशात परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला निवडलं. इंग्रजी बोलण्याची परीक्षा तेवढी पास व्हायला हवी होती. दोनदा ती अर्ध्या गुणाने राहिली. तिसरी खेप शेवटची. महिना संपला की ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

परीक्षेला दहा दिवस असताना ती क्लासला आली ती ड्यूटीवरून थेट, पायांत पांढरे बूट तसेच.

"मामा, डब्याच्या सुट्टीत मी माझीच उत्तरं फोनवर बोलून ठेवलीत. ऐका ना जरा. कुठे चुकतंय ते मला कळतच नाही."

सरांनी फोन कानाशी धरला. चुकत काहीच नव्हतं. उच्चार स्वच्छ, वाक्यं सरळ. "आय हॅव..." आणि एक पोकळी. "ऑलरेडी वर्क्ड इन थ्री वॉर्ड्स." पुढे पुन्हा. "आय हॅव..." पोकळी. "ऑल्वेज लाइक्ड माय वर्क." बाकी सगळीकडे ती झुळझुळ बोलत होती. थांबत होती ती फक्त तिथे.

सरांनी फोन खाली ठेवला. मग वेल्डरला सहज विचारावं तसं एक वाक्य म्हणायला लावलं. तोही तिथेच थांबला. औषधाच्या दुकानातल्या बाईंना म्हणायला लावलं. त्याही थांबल्या. तेवढ्याच.

वर्ग सुटल्यावर सर एकटे भिंतीपाशी उभे राहिले. "आय हॅव," ते पुटपुटले आणि मधल्या खुर्चीपर्यंत चालत गेले. चार पावलं. "नेव्हर." ती पोकळी बरोबर चार पावलांची होती. कुणीतरी भिंतीपासून निघून खुर्चीत येऊन बसेपर्यंत त्यांची सगळी मुलं तोंड मिटून वाट पाहत होती. आजवर किती जणांनी कुठल्या कुठल्या टेबलांसमोर अशी वाट पाहिली असेल, आणि समोरच्या परीक्षकाने त्याला अडखळणं म्हटलं असेल, याचा हिशोब त्यांना लागेना. त्याच खुर्चीत ते बसून राहिले.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मग तिला सांगून टाका."

"काय सांगू? दहा दिवसांवर परीक्षा. माझ्या शिकवण्यामुळे अडतंय म्हटलं तर जे येतंय तेही जाईल तिचं."

"मग नका सांगू."

"तू दोन्हीकडून बोलतेस."

"तुम्हीच दोन्हीकडून विचारताय," ती म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिन्ही खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या. रंग द्यायचाय, असं वर्गाला सांगितलं. वेल्डर म्हणाला, "बघा, माझ्या पंगतीला आले सगळे!" भाचीला त्यांनी वेगळं बसवलं. भरभर बोल म्हणाले. ती भरभर बोलली आणि मधला शब्दच गाळून बसली. बोटांनी टेबलावर ठेका धरला, तर ती ठेक्याकडेच बघत राहिली. गप्पा मारता मारता बोलवून पाहिलं. तेव्हा तीन वाक्यं सलग आली. चौथ्या वाक्यात मात्र तिची नजर नकळत उजव्या भिंतीकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. तरी ती थांबली.

"मामा, तुमचा चेहरा असा का होतो मी बोलले की?"

"कसा?"

"पेशंटचे रिपोर्ट वाईट आले की डॉक्टरांचा होतो तसा."

"उगीच काहीतरी," सर म्हणाले. "पुढचं म्हण."

परीक्षेच्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले. लांब कॉरिडॉर, बंद दारं, दारासमोर बाक. ती आत गेली. दारातून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता, तिचा आणि परीक्षकाचा. पण शब्दांमधली रिकामी जागा मात्र नीट ऐकू येत होती. सर मान खाली घालून तेवढीच ऐकत राहिले. तिचा आवाज बराच वेळ न तुटता चालला. त्यांनी हात एकमेकांत घट्ट धरले. मग परीक्षकाने काही विचारलं. तिने सुरुवात केली आणि ती थांबली. चार पावलं झाली. सहा झाली. दहा झाली. दार उघडून तो शब्द आत ढकलावा असं त्यांना वाटलं, आणि ते बाकावरून हललेसुद्धा नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा हसत होती, पण डोळे लाल होते.

"मध्ये एकदा बराच वेळ गप्प होतीस."

"तुम्हाला ऐकू येत होतं?" ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, घरापासून लांब कधी राहिलीयस का. नेव्हर म्हणायचं होतं. तेवढ्यात आई डोळ्यांपुढे आली. सकाळी निघाले तर काही बोलली नाही, नुसता डबा हातात दिला. मग सुचेचना."

सरांनी मान हलवली. ते थांबणं आईचं होतं की त्यांचं, हे ते तिला कसं विचारणार होते? तिला तरी कुठून ठाऊक असणार?

तेरा दिवसांनी निकाल आला. अर्धा गुण कमी.

सर दवाखान्यात गेले, तो तिच्या वॉर्डचा शेवटचा आठवडा होता. निम्म्या खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. भाचीने त्यांना पाहिलं, हाताला धरून एका रिकाम्या खाटेवर बसवलं.

"लिफ्ट होती ना, मामा!"

"तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. तू जी थांबतेस ना, बोलताना..."

"बाही वर करा आधी. रंग बघा चेहऱ्याचा." तिने दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलासुद्धा.

"अगं, ऐक तर. चूक तुझी नाही. ते खुर्च्यांमुळे..."

"मामा, गप्प बसा. बोललं की आकडा चुकतो."

तिने फुगा दाबायला सुरुवात केली. पट्टा आवळत गेला. सर तिच्याकडे बघत राहिले. ती काट्याकडे बघत होती, ओठ मिटून, अगदी शांत. काटा सावकाश खाली आला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"जास्त आहे. परत एकदा बघते," ती म्हणाली. "आणि या वेळी अजिबात बोलायचं नाही."

सरांनी हात पुन्हा सरळ केला.