उटीच्या गाडीला भंडारा

उसाच्या चरकाच्या दात्यांना वंगण लावलं की त्या वासानं मला उटीची डोंगरगाडी आठवते. पोरगा तिकडं फौजेत होता, त्यानं आम्हा दोघांना बोलावलेलं. चढ लय, म्हणून रुळांच्या मधी दात्यांची पट्टी, अन् मागून वाफेचं इंजिन कडकड करत एकेक दाता वर ढकलायचं. बायको म्हसवडकडची. नव्या वाहनाला देवाचा भंडारा लावल्याबिगर बसायची न्हाई, पण त्या दिवशी घाईत राहिलं. मधल्या स्टेशनात इंजिन पाण्याला थांबलं तशी ती उतरली, कमरेच्या पिशवीतली हळद इंजिनाला फासली अन् हात जोडले. सगळा डबा हसायला लागला. शेजारच्या साहेबानं मला विचारलं, "बाबा, आपके साथ है क्या?" मी म्हणालो, "नहीं. गाववाली है." ती दारातच उभी होती. "आवं गाववाले, जरा सरका की," म्हणाली अन् बसली. मग वरपर्यंत माझ्याकडं बघितलं न्हाई. वर पोरगा घ्यायला आलेला, त्याला सांगंल म्हणून मी भ्यालो. तिनं मरेस्तोवर कुणालाच सांगितलं न्हाई, अन् मीबी कवा माफी मागितली न्हाई. आता सांगतो, ती माझी बायको होती.